शौलाच्या वयाची जागा रिकामीच राहू द्या

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत इस्राएलचा पहिला राजा शौल याच्याविषयी ‘बायबलनुसार शौल एक वर्षाचा असताना राजा झाला आणि त्याने दोन वर्षे राज्य केले’ असे छापून आले. पुढच्या आठवड्यात एका वाचकाने दुरुस्ती पाठवली: वय तीस, राजवट बेचाळीस वर्षे. दोन्ही वाचून मला राहवेना. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, मूळचा अलिबागकडचा. हिब्रू अक्षरे आजोबांनी गिरवून घेतली आणि पुढे बत्तीस वर्षे मी शाळेत मराठी व्याकरण शिकवले. हा प्रश्न आधी व्याकरणाचा आहे.

बायबलमधल्या ‘पहिला शमुवेल’ या पुस्तकाच्या 13व्या अध्यायातले पहिले वचन असे आहे: ‘बेन शाना शाऊल ब-मॉल्खो, उश्ते शानिम मालाख अल यिस्राएल.’ ‘बेन’ म्हणजे मुलगा. आमच्या ‘बेने इस्राएल’मधला ‘बेने’ त्याच शब्दाच्या अनेकवचनाचे रूप. हिब्रूत वय सांगताना माणूस ‘इतक्या वर्षांचा मुलगा’ असतो, मग तो ऐंशीचा का असेना. शौलानंतरचा दावीद राजा झाला तेव्हा ‘बेन श्लोशिम शाना’, तीस वर्षांचा होता. वर्षे तीस, पण ‘शाना’ एकवचनीच! दहाच्या वरच्या आकड्यांनंतर हा शब्द सहसा एकवचनीच येतो. म्हणून मधला आकडा गळाला की उरते ‘बेन शाना’, आणि त्याचा अर्थ होतो ‘एक वर्षाचा’. पेसाह म्हणजे वल्हांडण सणाच्या कोकराचे वय बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकात याच दोन शब्दांत सांगितले आहे. नक्कल करणाऱ्याच्या हातून आकडा सुटला असावा, असेच मला वाटते.

दोन वर्षांचेही तसेच. पुढच्याच वचनात शौलाचा मुलगा योनाथान गिबा येथे हजार सैनिकांसह उभा आहे. मवाब, अम्मोन, अदोम, सोबा, पलिष्टी, इतक्यांशी शौल लढला. शौलाला चुकवत दावीद पलिष्ट्यांच्या मुलखात राहिला, तेच एक वर्ष आणि चार महिने. एवढे सगळे दोन वर्षांत कसे मावेल?

मग तीस आणि बेचाळीस आले कुठून? तीस बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतराच्या काही हस्तलिखितांत आहे. इतर महत्त्वाच्या ग्रीक हस्तलिखितांत हे वचनच नाही. बेचाळीस हा नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात शौलाच्या राजवटीची चाळीस वर्षे दिली आहेत, त्या चाळीसशी इथल्या दोनचा मेळ घालणारा आकडा. मूळ हिब्रूत तो नाही.

आमच्या पूर्वजांनी आकडा घातला नाही, अर्थ शोधला. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथसंग्रहातल्या योमा ग्रंथात रब्बी हुना म्हणतात, शौल वर्षाच्या बाळासारखा होता, पापाची चव न चाखलेला. नहमान बार इसहाक यांनी विचारले, चिखला-घाणीने माखलेल्या बाळासारखा का नाही? त्यानंतर त्यांना भयाण स्वप्ने पडली आणि त्यांनी शौलाच्या अस्थींची क्षमा मागितली. आजोबा हे सांगताना आवाज खाली आणत. ही व्याख्या भाषेच्या कसोटीला उतरत नाही हे मला कळते, तरी पराभूत राजाविषयीची ती माया मला फार मोलाची वाटते.

1985च्या ज्यू प्रकाशन संस्थेच्या इंग्रजी भाषांतरात वयाच्या जागी नुसती टिंबे आहेत. आपणही दुरुस्ती छापाल तेव्हा तिथे तीस घालू नये. तीन टिंबे द्यावीत आणि खाली एका ओळीत कारण लिहावे.

— एक निवृत्त मराठी शिक्षक, ठाणे