छाटणीचा भुसा आणि झाडाच्या ढोलीतली बुरशी

महोदय,

कबुतरखान्यांच्या वादात विष्ठेतल्या बुरशीची पुष्कळ चर्चा झाली. त्याच क्रिप्टोकॉकस बुरशीचे दुसरे घर, म्हणजे जुन्या झाडांची ढोली, मात्र चर्चेत क्वचितच येते. पावसाळ्याआधीच्या छाटणीत यंत्रकरवत पोकळ खोडात शिरते, कुजका तपकिरी भुसा उडतो आणि खाली उभ्या कामगाराच्या तोंडाला फार तर रुमाल असतो. म्हणून हे पत्र.

या बुरशीच्या मुख्यतः दोन प्रजाती माणसाला आजारी पाडतात: निओफॉर्मन्स आणि गॅटी. गॅटीचे झाडाशी नाते १९९० साली ऑस्ट्रेलियात एलिस आणि फायफर यांनी निलगिरीवर दाखवले. आपल्याकडे १९९७ मध्ये चंडीगडच्या संशोधकांना ती निलगिरीवरच सापडली. पुढे दिल्लीत डॉ. एच. एस. रंधावा यांच्या गटाला जांभूळ आणि बकुळीसारख्या झाडांच्या ढोल्यांत दोन्ही प्रजाती मिळाल्या. म्हणजे अमुक एक जात दोषी, असे म्हणता येत नाही. बुरशीला हवे असते सावलीतले, कुजणारे लाकूड. लाकडातल्या लिग्निनसारख्या पदार्थांवर काम करणारे लॅकेज नावाचे विकर तिच्याकडे असते, आणि त्याच विकराने ती मेलॅनिन तयार करून आपल्या शरीरातल्या संरक्षक पेशींपासून स्वतःला वाचवते.

ती प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याचे पोषक माध्यम आपल्या ओळखीच्या कारळ्यांपासून बनते. लिटरभर माध्यमाला सुमारे ५० ग्रॅम कारळ्यांची पूड लागते. जिवाणू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल आणि इतर बुरश्या आवरायला बायफिनाइल घालतात. ओल्या निर्जंतुक बोळ्याने ढोलीची आतली बाजू घासून नमुना माध्यमाच्या थाळीवर पसरायचा आणि ३० अंशांवर ठेवायचा. काही दिवसांत क्रिप्टोकॉकसच्या वसाहती तपकिरी होतात. बायफिनाइल विसरले, तर साध्या बुरश्या सगळी थाळी व्यापतात आणि ‘काही सापडले नाही’ असा चुकीचा अहवाल जातो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेलाही हे काम झेपेल, मात्र वसाहती हाताळायच्या त्या जैवसुरक्षा कपाटातच.

श्वासातून ही बुरशी फुप्फुसात जाते. बहुतेकांना काहीच होत नाही, आणि ती माणसाकडून माणसाला लागत नाही. एचआयव्ही असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे यांना धोका मोठा. गॅटी मात्र धडधाकट माणसालाही गाठते. मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचली की आठवडेच्या आठवडे डोके दुखते, उलट्या होतात, नजर धूसर होते. इथेच घात होतो. दीर्घकाळचा मेंदूज्वर म्हणजे क्षयच असे धरून क्षयाची औषधे आणि सोबत स्टिरॉइड सुरू होते. एचआयव्हीग्रस्तांच्या क्रिप्टोकॉकल मेंदूज्वरात डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देऊन पाहणारी चाचणी अपाय दिसल्याने मध्येच थांबवावी लागली होती. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. क्रिप्टोकॉकल प्रतिजन, म्हणजे या बुरशीचा अंश, शोधणारी चाचणीची पट्टी रक्तावर किंवा पाठीच्या पाण्यावर सुमारे दहा मिनिटांत उत्तर देते. ती आधी लावावी, स्टिरॉइडचा विचार नंतर.

झाडे तोडा, अशी मागणी कृपया कोणी करू नये. तोडतानाच सर्वांत जास्त भुसा उडतो. शिवाय पुष्कळ ढोल्या आपणच तयार करतो. कोयत्याने फांदी ओरबाडली, सालीची चीर बुंध्यापर्यंत गेली की जखम भरत नाही आणि गाभा कुजू लागतो. जाड फांदी तीन घावांत काढावी: बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश जाडीपर्यंत पहिला, त्याच्या थोडे पलीकडे वरून दुसरा, आणि उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कडेच्या जरा बाहेर तिसरा. ती कड कापली की झाडाची जखम बंद करण्याची ताकदच जाते. जखमेवर डांबर फासू नये, ढोलीत सिमेंट भरू नये. सिमेंटमागे ओल कोंडते आणि कुजणे आत चालूच राहते.

आमची मागणी छाटणीच्या कंत्राटांपुरती आहे. ढोली असलेले खोड कापण्याआधी आत पाणी फवारून भुसा भिजवण्याची अट त्यांत घालावी. कामगाराला रुमालाऐवजी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क आणि चष्मा मिळावा. भुसा ब्लोअरने रस्त्यावर न उडवता ओला असतानाच पोत्यात भरावा. ज्यांना वर सांगितल्याप्रमाणे जास्त धोका आहे, अशा कामगारांना, कारण जाहीर न करता आणि मजुरी न कापता, ढोलीच्या कामाऐवजी दुसरे काम द्यावे.

आपले,
काही वाचक, पुणे