शटर मोजून पाठव

पुणे, १७ ऑगस्ट

प्रिय दिल्या,

तुझ्या कपड्यांच्या दुकानासाठी घेतलेल्या गाळ्याचा फोटो आणि त्याखालचा तुझा हुकूम, दोन्ही पोचले. ‘तू आता ड्रॉइंगवाला झालास, काउंटर आणि ट्रायल रूम कुठे येईल तेवढं रविवारपर्यंत काढून दे.’ लेका, तेवढं तर तूही काढशील, बिलबुकाच्या पाठीवर. दोन रविवार टाळलं, आज पाऊस आहे आणि क्लासला सुट्टी, म्हणून बसलोय.

आधी एक विनंती. मी आर्किटेक्ट झालो असं गावभर सांगत सुटू नकोस. १९७२च्या कायद्याने आर्किटेक्चर कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय तो शब्द नावापुढे लावता येत नाही. मी ड्राफ्टिंग शिकतोय, म्हणजे मापात नकाशे काढायला. चौदा वर्षं औषधांची बॅग वाहिल्यावर, अडतिसाव्या वर्षी. दिवसा एका छोट्या ऑफिसात कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढत बसतो, संध्याकाळी क्लास. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८९६ साली सुरू झाला तो ड्राफ्ट्समनचा वर्ग, आर्किटेक्चरचं कॉलेज त्यातून पुढे उभं राहिलं. ऐकून छाती जरा फुगली होती. मग शेजारच्या एकोणीस वर्षांच्या पोराने माझं तासाभराचं काम दहा मिनिटांत करून दाखवलं आणि वर विचारलं, ‘काका, चहा?’

आमच्याकडे घरांची कामं येत नाहीत. ऑफिसं, दवाखाने, शोरूम. मला वाटायचं, इंटिरिअर म्हणजे भिंतीचा रंग आणि खुर्च्या. पहिलं काम दिलं ते छताच्या नकाशाचं. जमिनीवर आरसा पसरलाय आणि त्यात वाकून बघितल्यावर वरचं जसं दिसेल, तसं काढायचं. सोपं वाटतं ना? ऑफिसातलं फॉल्स सीलिंग ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या चौकटींचं. दिवे त्याच मापाचे, एसीची जाळी त्याच मापाची, आणि स्प्रिंकलर (आगीवर पाणी फवारणारा), धुराचा डिटेक्टर हे जमेल तिथे चौकटीच्या मधोमध. या सगळ्याच्या वर, तुला कधी न दिसणाऱ्या जागेत, एसीच्या हवेचे डक्ट, पाइप, केबलचे ट्रे एकमेकांच्या अंगावरून जातात. मजला ३.९ मीटरचा, त्यात ६०० मिलिमीटरची बीम. उरतं सुरतं ते वाटून घ्यायचं आणि माणसाच्या डोक्यावर २.७ मीटर तरी ठेवायचं. मोठ्या साहेबांनी चहा पिता पिता कॉन्फरन्स रूमची भिंत एक फूट सरकवली. मी खालच्या प्लॅनमध्ये सरकवली, छताला हात लावायचं विसरलो. स्प्रिंकलर बरोब्बर पार्टिशनच्या डोक्यावर! नशीब, कागदावरच सापडलं.

आणि एक गंमत सांगतो. ऑफिसच्या इमारतीतले खांब पुष्कळदा ८.४ मीटरवर असतात. का, ओळख बघू? तळघरातल्या गाड्यांसाठी. अडीच-अडीच मीटरच्या तीन गाड्या आणि खांबाची जाडी. म्हणजे दहाव्या मजल्यावर मॅनेजरची केबिन केवढी करायची, हे खाली उभी असलेली गाडी ठरवते. हे कळल्यापासून मी कुठल्याही ऑफिसात गेलो की आधी खांब मोजतो. बायको म्हणते, याला आता लग्नात नेणार नाही.

आता जे सांगायला हे पत्र लिहितोय ते. गेल्या महिन्यात साइटवर केबिनच्या काचेचं माप मी घेतलं. दाराशेजारची एक उभी काच, १२ मिलिमीटरची टफन्ड. खाली जमिनीलगत टेप लावला, १११० आलं. फटीसाठी सहा सोडले आणि ११०४ ची ऑर्डर दिली. काच आली, ऐंशी किलो वजन, चौघांनी धरून उभी केली. खाली बसली, वर बसेना. सुतारमिस्त्री स्टुलावर चढले, टेप लावला आणि म्हणाले, ‘साहेब, वर तीन सूत कमी आहे.’ भिंत ओळंब्यात नव्हती. तुला ठाऊक असेल, आठ सुतांचा इंच. तीन सूत म्हणजे नऊ-साडेनऊ मिलिमीटर. मी म्हटलं, कापून घेऊ थोडी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. टफन्ड काच भट्टीत तापवून झटकन गार केलेली असते. कापायची, भोकं पाडायची ती त्याआधीच. नंतर कापायला गेलास तर सगळी काच साखरेसारखी सांडते. आख्खी काच वाया. साहेब काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. मिस्त्री मात्र जेवताना बोलले, ‘वर, मधे, खाली, तीन ठिकाणी माप. आणि दोन्ही कर्ण.’ क्लासची फी भरून हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून बिल्डरच्या फोटोवर मी रेघ मारणार नाही. तू गाळा मोज. प्रत्येक भिंत तीन ठिकाणी, दोन्ही कर्ण, बीमच्या खालची उंची वेगळी, शटरची रुंदी, मागचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेही. पोटमाळा हवा म्हणतोस, तर मंजूर नकाशात तो आहे का ते आधी बघ. कार्पेट ६२० चौरस फूट म्हणजे साधारण ५८ चौरस मीटर. बिल्डिंग कोड तळमजल्याच्या दुकानात माणशी ३ चौरस मीटर धरतो, म्हणजे एकोणीस माणसं. दिवाळीत तुझ्याकडे पन्नास असणार. तेव्हा मागच्या दारापुढे गठ्ठे रचशील, मी तुला ओळखतो. रचू नकोस. २०१७च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलच्या आगीत चौदा जण गेले, त्यातले कितीतरी स्वच्छतागृहात गुदमरून. बाहेर कुठून जायचं हे अंधारात आणि धुरात सापडावं लागतं.

पायऱ्या तीन दिसतायत, सहा-सहा इंचांच्या. उद्घाटनाला काकूंना व्हीलचेअरवरून आणायचंय ना? रॅम्पला एक इंच चढायला एक फूट लागतो, म्हणजे तुला अठरा फूट हवेत. समोर तेवढी जागा नाही. मधे वळण देऊन बसतोय का ते मी बघतो, पण रस्त्यापासून पायरीपर्यंतचं मापही पाठव.

काकूंना नमस्कार सांग, आणि वहिनींना म्हणावं रंग नंतर.

तुझा,
संज्या

ता. क. मोजायला पोलादी टेप घे, कर्णाला पुरेल एवढा लांब. दुकानातली कापडी पट्टी नको, ती ताणली जाते. हे तुझ्या गिऱ्हाइकांना माहीत नसेल, मला माहीत आहे.