हॉस्टेलखालच्या मेडिकलवाल्या ताईंना, मनापासून थँक्यू

ताई, तुमच्या काउंटरवर कायम गर्दी, त्यामुळे समोर नीट बोलणं होतच नाही, म्हणून इथे लिहितोय. नायगावच्या आमच्या हॉस्टेलमधल्या पोरांचं गजकर्ण या पावसाळ्यात बरं झालं त्यात डॉक्टरांइतकाच तुमचा वाटा आहे, हे मला सगळ्यांसमोर सांगायचंय.

औषध लिहून मिळतं हो, पण ते शेवटपर्यंत घेतलं जात नाही. आठवड्याभरात खाज थांबते, चट्टा फिका पडतो, परीक्षा जवळ आलेली असते, त्यात इट्राकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाची स्ट्रिप महाग आणि महिनाअखेरीला खिशात काही नसतं, मग कोर्स तिथेच सुटतो आणि महिन्याभरात चट्टा परत, आधीपेक्षा मोठा. तुम्ही मात्र कुणावर सगळी स्ट्रिप लादली नाहीत, आठवड्यापुरत्या कॅप्सूल कापून दिल्या, पाकिटावर पेनाने पुढची तारीख लिहिली, आणि त्या तारखेला पोरगा आला नाही तर व्हॉट्सअपवर तुमचा मेसेज, 'खाज गेली म्हणजे बुरशी गेली नाही, ये.' हे तुमचं काम नव्हतं, तरी केलंत.

आणि लाज! जांघेत झालंय हे एका बाईमाणसाला सांगायचं म्हणजे पोरं दुकानाबाहेरच घुटमळायची. तुम्ही म्हणालात, 'नुसतं नायटा म्हण, पुढचं मला कळतं.' या एका वाक्याने किती जण आत आले, तुम्हाला कल्पना नाही.

ती तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब मागितली की तुम्ही सरळ नाही म्हणायचात, चिठ्ठी आण म्हणायचात. तेव्हा काही जण चिडले पण तुमचंच बरोबर होतं. त्या ट्यूबमधल्या स्टिरॉइडने लाली आणि खाज लगेच दबते, बुरशी मात्र पसरत राहते, कातडी पातळ होते, स्ट्रेच मार्क्स पडले तर ते जात नाहीत. 2018 साली सरकारने बरीचशी स्टिरॉइड मलमं शेड्युल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत टाकली, तरी चिठ्ठी न बघता देणारे आहेतच, आणि आपल्या धंद्याचं नुकसान करून नाही म्हणायला हिंमत लागते.

माझ्या रूममेटची गोष्ट तर मी विसरणार नाही. तो मेसच्या जेवणाने ॲसिडिटी होते म्हणून रोज गॅसची गोळी घ्यायचा आणि कॅप्सूलही त्याच्याबरोबरच. तुम्ही दोन्ही पाकिटं काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून त्याला समजावलंत की पोटातलं ॲसिड कमी झालं तर ही कॅप्सूल अंगी लागत नाही, ती भरपेट जेवणानंतर घ्यायची, आणि गॅसच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ये म्हणून परत पाठवलंत. तोपर्यंत त्याला वाटत होतं की औषधातच दम नाही.

मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावायचं, डाग गेला तरी डॉक्टर सांगतील तोवर थांबायचं नाही, टॉवेल वेगळा, दमट चड्डी किंवा जीन्स घालायची नाही आणि रूममधल्या ज्याला ज्याला झालंय त्याने एकाच वेळी औषध घ्यायचं, हे सगळं आता आमच्या मजल्यावर पोरंच एकमेकांना सांगतात.

फर्स्ट इयरची नवी बॅच आलीय ताई. ज्याला चट्टा दिसेल त्याला आधी पालिकेच्या स्किन ओपीडीत आणि मग चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे पाठवतोय, तारीख टाकायला पेन तयार ठेवा.