पुलावरची लाकडं बदलली, अण्णा

ब्रिस्टल
बुधवार, रात्र

तीर्थरूप अण्णा,
साष्टांग नमस्कार वि. वि.

रेल्वेच्या पुलाचं काम झालं. सोमवारी पहाटे चार वाजून पाच मिनिटांनी लाइन परत दिली, मुदत साडेचारची होती. फोनवर तेवढंच सांगितलं कारण बोलता बोलता डोळे मिटत होते. आज सगळं लिहिते. आईला वाचून दाखवाल तेव्हा रात्रीच्या थंडीचा भाग गाळा, ती काळजी करत बसते.

तुम्ही विचारलं होतंत की इंग्लंडमध्ये पुलावर अजून लाकूड कसं. सगळीकडे नाही, पण जुन्या लोखंडी पुलांवर आहे. आणि ते आपल्यासारखं नाही. आपल्याकडे गर्डरवर, म्हणजे पुलाच्या मोठ्या लोखंडी तुळयांवर, स्लीपर आडवे टाकतात, हुक बोल्टने आवळतात. इथे लाकूड रुळाच्या खालून, रुळाच्याच दिशेने लांब जातं. एकेका रुळाला आपापली तुळई, आणि दोन तुळयांमधलं अंतर धरून ठेवायला लोखंडी गज. ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरने लंडन ते ब्रिस्टल अशी अख्खी लाइनच लांब तुळयांवर टाकली होती, ती 1841 साली पूर्ण झाली. त्याचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, सात फुटांहून थोडा जास्त होता, म्हणजे आपल्या 1676 मिलिमीटरपेक्षाही रुंद. तो गेज 1892 मध्ये कायमचा गेला. लांब तुळया मात्र पुलांवर टिकल्या, कारण खाली खडी घालायला जागाच नसते.

आमच्या पुलावर अशा बारा तुळया बदलायच्या होत्या, प्रत्येकी सहा मीटर. वरून बघितलं तर बऱ्या दिसत होत्या. पण तुम्ही लहानपणी शिकवलेलं मी विसरले नाही, लाकूड आधी कानाने तपासायचं. पाहणीच्या रात्री हातोडी मारत गेले. पहिल्या तीन ठिकाणी खणखणीत, चौथ्या ठिकाणी ढब्ब. तिथे गिरमिटाने भोक पाडलं. सुरुवातीला कोरडा, पिवळसर भुसा आला, आणि दोन इंच आत गेल्यावर ओल्या चहापत्तीसारखा काळपट लगदा. पाणी स्क्रूच्या भोकातून उतरतं, प्लेटखाली साठतं आणि लाकूड आतून कुजतं. मग स्क्रूला पकड राहत नाही आणि गाडीच्या वजनाने गेज हळूहळू फाकतो. गेज फाकला की पुढे काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू!

गाड्या बंद ठेवून काम करायचा ब्लॉक शनिवारी रात्री साडेअकराला मिळाला. एकोणतीस तास. मुंबईचे लोक रविवारच्या मेगाब्लॉकवर वैतागतात तसे इथलेही वैतागतात, बसमध्ये बसवलं की नाराज होतात. मी त्यांना दोष देत नाही. पण त्या एकोणतीस तासांसाठी आम्ही आठ महिने राबलो, हे कुणाला तरी सांगावंसं वाटतं, म्हणून तुम्हाला सांगते. प्रत्येक तुळईखालच्या गर्डरवर रिव्हेटची डोकी कुठे, किती उंच, ते रात्री-अपरात्री टेपने मोजायचं, कागदावर मांडायचं, आणि त्या मापाने तुळईच्या पोटात खाचा पाडून आणायच्या. एकीची जागा दुसरीला चालत नाही. प्रत्येकीवर नंबर.

ब्लॉकच्या दोन्ही टोकांना लाल दिवा आणि चुकून गाडी आलीच तर इशारा द्यायला रुळावर फटाके लावले. तुमच्या लोखंडी पेटीत असायचे तसेच. मला बघताक्षणी ती पेटी आठवली, आणि तिला हात लावला म्हणून खाल्लेली थप्पडही.

रूळ कापून बाजूला घेतले, जुन्या तुळया क्रेनने उचलल्या. खालून जे पोलाद उघडं पडलं त्याला कित्येक वर्षं ऊन लागलं नव्हतं. काळा चिखल, गंजाच्या पापड्या. खरवडून, घासून स्वच्छ केलं, जाडी मोजली, रंग दिला. माझ्या मते अख्ख्या कामातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं. लाकूड पुन्हा बदलता येईल, पण ते पोलाद बघायची संधी फक्त तुळई निघाल्यावरच मिळते. म्हणून कितीही घाई असली तरी तिथे मी कुणाला घाई करू दिली नाही.

रविवारी दुपारी सातव्या नंबरची तुळई बसेना. एका टोकाला आठ मिलिमीटर उंच. कुणीतरी कधीकाळी एक रिव्हेट काढून तिथे बोल्ट घातला होता, आणि रंगाच्या थरांखाली तो आमच्या मापातून सुटला. चूक आमची. एकाने सुचवलं की शेजारच्या तुळयांखाली पॅकिंग घालून उतार जुळवू, वेळ वाचेल. मी नाही म्हटलं. तुळई परत उचलली, उलटी केली, आणि आमच्या इथल्या जुन्या वेल्श मुकादमाने, तुमच्याच वयाचा असेल, छिन्नीने खाच खोल केली. मी टॉर्च धरून बसले होते. तासलेल्या जागेवर पुन्हा औषध लावलं, नाहीतर कुजायला तिथूनच सुरुवात होते. पन्नास मिनिटं गेली. बसवली तेव्हा लेव्हल बरोबर आली.

नव्या तुळया डग्लस फर लाकडाच्या, कुजू नयेत म्हणून क्रिओसोट तेल पाजलेल्या. त्या गाडीतून उतरवताना वास आला आणि मी क्षणभर पुण्यातल्या घोरपडीच्या रेल्वे क्वार्टरच्या दारात उभी होते. तुम्ही ब्लॉकवरून सकाळी यायचात तेव्हा शर्टाला हाच वास. आई म्हणायची, आधी आंघोळ, मग चहा. तेव्हा तुम्ही चहा न पिताच झोपायचात त्याचा मला राग यायचा. आता नाही येत.

तुम्ही म्हणायचात, काहीही होवो, डेक्कन क्वीनच्या आधी लाइन मोकळी झाली पाहिजे, ब्लॉक बर्स्ट झाला, वेळेत संपला नाही, तर मुकादमाचं तोंड काळं. रात्री दोन वाजता स्क्रू आवळत असताना मी तेच मनात म्हणत होते. गेज तीनदा मोजला. रुळांच्या जोडांना सध्या बोल्टने आवळलेल्या फिशप्लेट आहेत, वेल्डिंग पुढच्या आठवड्यात, तोपर्यंत ताशी वीस मैलांची कॉशन, म्हणजे वेगमर्यादा. पहिली गाडी दोन डब्यांची, डिझेल. मी बाजूला सुरक्षित जागी उभी राहून फक्त सातव्या तुळईकडे बघत होते. चाक आलं, गेलं. हलली नाही.

जुन्या लाकडाचा एक तुकडा तुमच्यासाठी आणायचा होता, पण क्रिओसोटचं लाकूड इथे घातक कचऱ्यात मोडतं, घरी नेऊ देत नाहीत. आपल्या अंगणातला स्लीपरचा बाक आहे तोच राहू दे. फक्त पावसाळ्याआधी त्याच्या डाव्या टोकाला, खिळ्याच्या भोकाजवळ, हातोडी मारून बघा. गेल्या दिवाळीला मला तिथे आवाज बरा वाटला नव्हता. ढब्ब वाजलं तर आजीला त्या बाजूला बसू देऊ नका, मी आल्यावर दोघं मिळून बघू.

आईला आणि आजीला नमस्कार.

तुमची,
सोनू