‘सुखद गारवा’ नेमका कुठे पडला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात ‘कोकणात सुखद गारवा, पर्यटक सुखावले’ ही बातमी वाचली. सोबत किनाऱ्यावरच्या उंटाचा फोटो. बातमीदाराने गेल्या बुधवारची एक रात्र आमच्या राजापूर तालुक्यात काढली असती, तर ‘सुखद’ हा शब्द त्याला लिहवला नसता.

सोमवारी पहाटे दव पडलं, गोधड्या निघाल्या. आम्हीही खूश होतो, हापूसला मोहोर धरायला हीच थंडी लागते. मंगळवारी दुपारपासून मळभ, रात्री पंखा लावून झोपलो. बुधवारी रात्री साडेदहाला विजा आणि पाऊस, तो गुरुवारी दुपारपर्यंत. शनिवारी पुन्हा ऑक्टोबरचं ऊन. आपल्या बातमीत फक्त सोमवार आला आहे.

गडी वेळेत मिळाले नाहीत, त्यामुळे आमचं गरवं, म्हणजे मुळातच उशिरा पिकणारं, भात यंदा आणखी उशिरा कापलं. कापलेल्या भाऱ्यांची अर्धी उडवी, म्हणजे गंजी, रचून झाली होती, उरलेले भारे मळ्यातच. मी आणि घरची मंडळी बॅटरी घेऊन धावलो. ताडपत्री एकच. ती उडवीवर टाकली आणि भारे भिजताना बघत बांधावर उभे राहिलो. ते ओले भारे नंतर पडवीत रचले. काल त्यात हात घातला तर आतून कढत वाफ आली. लोंबी उपसून पाहिली, दाण्यांना पांढरे कोंब फुटलेले. पेंढ्याला बुरशीचा वास येतो, बैल त्याला तोंड लावत नाही. देवदिवाळी तोंडावर आली आणि नव्या तांदळाची ही गत.

हापूसच्या कलमांचंही तेच. चार-पाच कलमांना पहिला मोहोर आला होता, तो काळा पडला. बाकीची आता तांबूस पालवी टाकतील. ती जून होऊन मोहोर येईपर्यंत तीन महिने जातात, तोवर वाशीच्या बाजारातला चढा भाव संपलेला असतो. फळपीक विम्यात आंब्याला अवेळी पावसाचं संरक्षण 1 डिसेंबरपासून. नोव्हेंबरातल्या पावसाने मोहोर गेला तर तो कोणाच्याच हिशेबात नाही. यावर आपण एक ओळ तरी लिहायला हवी होती.

कोकणात नोव्हेंबरचं बिघडलेलं हवामान ही किरकोळ गोष्ट नाही. 11 नोव्हेंबर 2009 च्या फयान वादळात गेलेल्या खलाशांची घरं याच किनाऱ्यावर आहेत. 2019 साली क्यार वादळाच्या पावसाने ऐन दिवाळीत कापणीचं भात आडवं केलं, तेही आम्ही पाहिलं.

आणखी एक. आपल्या तापमानाच्या चौकटीत कोकणातून मुंबई आणि रत्नागिरी एवढीच दोन नावं असतात. रत्नागिरीचा आकडा समुद्राकाठचा. घाटाच्या पायथ्याला, पाचल-लांज्याकडे, पहाटेचा गारवा आणि दुपारचा उकाडा दोन्ही त्याहून वेगळे असतात. बागायतदार फवारणी ठरवतो ती हवामान बघूनच. एका फवारणीचं औषध, पंप आणि मजुरी धरून किती पैसे जातात, हे एकदा कोणत्याही बागेत येऊन विचारा.

उद्या पडवीतले भारे सोडून भात अंगणात वाळत घालायचं आहे. उद्या-परवा पाऊस आहे का, हे काल आपल्या अंकात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधलं. सापडलं नाही.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी, ता. राजापूर, जि. रत्नागिरी