काका, ती शेंगदाण्याची पाकळी

आदरणीय काका,
सा. न.

परवा तोंडी परीक्षा झाली. बाहेर आल्यावर पहिला फोन तुम्हालाच लावला, पण गळा दाटून आला आणि धड बोलताच येईना. म्हणून हे पत्र, सगळ्यांनी वाचावं असं.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या अमेरिकन विमानवाहू नौका हा माझा विषय. 'लेक्सिंग्टन' आणि 'सॅराटोगा'सारखी धुडं १९२७ मध्येच बांधून झाली होती, मग नंतर 'वॉस्प'सारखी छोटी, कमजोर नौका का बांधली? हा एक प्रश्न घेऊन मी वर्षभर हिंडले. एका जाणत्या म्हणवणाऱ्यांनी "मुलींनी असले विषय घेऊ नयेत" एवढंच ऐकवलं. दुसऱ्यांनी तीनदा वेळ दिली आणि तिन्ही वेळा बाहेरच्या बाकावर बसवून परत पाठवलं. अजूनही आठवलं की वाईट वाटतं.

शेवटी तुमच्याकडे आले. तुम्ही चहा टाकलात आणि ताटात शेंगदाणे ओतलेत. "एकशे पस्तीस मोज. एक दाणा म्हणजे हजार टन." देशोदेशींच्या युद्धनौकांना मर्यादा घालणाऱ्या १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने अमेरिकेच्या सगळ्या विमानवाहू नौकांना मिळून दिलेले १,३५,००० टन माझ्यासमोर ताटात होते. लेक्सिंग्टनचे तेहतीस काढले, सॅराटोगाचे तेहतीस काढले, तेवढ्यातच जवळजवळ निम्मं ताट रिकामं झालं. 'रेंजर'ला साडेचौदा. तेव्हा तुम्ही एक दाणा चिमटीत धरून त्याच्या दोन पाकळ्या केल्यात. एक रेंजरच्या ढिगात टाकलीत, दुसरी माझ्या तळहातावर ठेवलीत. 'यॉर्कटाउन' आणि 'एंटरप्राइझ'ला ढोबळमानाने वीस-वीस. ताटात उरले चौदा दाणे, आणि माझ्या हातातली पाकळी.

"ही तुझी वॉस्प," तुम्ही म्हणालात.

मोजताना मी दोनदा चुकले होते. तुम्ही हात पुढे केला नाहीत. चहा निवला, साय धरली, तरी "पुन्हा मोज, घाई नाही" एवढंच म्हणालात. काका, मला सगळ्यात जास्त हेच पुरलं.

उरलेल्या टनांत विमानं तर हवीच होती, म्हणून कात्री लागली ती इंजिनांच्या ताकदीला आणि टॉर्पेडोपासूनच्या संरक्षणाला. १५ सप्टेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीचे टॉर्पेडो लागले, पेट्रोल पेटलं, वॉस्प बुडाली. १९३ माणसं गेली. हे सांगताना तुम्ही चष्मा काढून ठेवला होतात.

परीक्षेत ब्रिटिश 'इलस्ट्रियस'बद्दल विचारलं. तिच्या उड्डाण-डेकला तीन इंची चिलखत, त्यापायी मूळ आराखड्यात विमानं फक्त ३६; पण जानेवारी १९४१ मध्ये माल्टाजवळ बॉम्बवर बॉम्ब पडूनही ती तरली. नंतरच्या अमेरिकन 'एसेक्स'च्या वेळी कराराचं बंधन उरलं नव्हतं, म्हणून २७,१०० टनांपर्यंत जाता आलं आणि विमानं नव्वदच्या घरात मावली. उत्तर देताना माझी मूठ आपोआप मिटली होती, जणू ती पाकळी आत आहे.

ज्याला येतं त्याने समोरच्याला लहान न करता शिकवावं, अशी माणसं मला फार थोडी भेटली. तुम्ही आयुष्य गोदीत काढलंत, अंगावर कुठलीही पदवी मिरवली नाहीत, आणि परक्या मुलीसाठी चार रविवार दिलेत.

येत्या रविवारी येतेय. आईने शेंगदाणे भाजून ठेवलेत. एसेक्सचा डेक लाकडी का ठेवला, ते अर्धवट राहिलंय आपलं.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची