टेन्शन म्हणजे नेमके काय?

नागपूर

चि. राणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

हल्ली फोनवर तू "बाबा, टेन्शन येऊन राहिलं" एवढेच सांगतेस. आपल्या इकडच्या त्या "येऊन राहिलं"मुळे ते अजून ओसरलेले नाही, हे मला समजते; पण तुला नेमके काय होते आहे, ते कळत नाही आणि म्हणून काय करावे हेही सुचत नाही.

तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री वाटते ती धाकधूक. तिच्यात चांगले होण्याची आशाही मिसळलेली असते, त्यामुळे परीक्षा आटोपली की तीही बहुधा संपते. नोकरी धरावी की पुढे शिकावे, असे मन दोन्हीकडे ओढले जाते तेव्हा होते ती घालमेल. ती वाट पाहून शमत नाही, निर्णयच घ्यावा लागतो. घराच्या आठवणीने संध्याकाळी लागते ती हुरहुर. मला खरी काळजी वाटते ती धसक्याची, कारण एकदा घडलेला प्रसंग मनात घर करून बसला की माणूस पुढच्या प्रत्येक वेळी तसेच होणार असे धरून चालतो. मागच्या तोंडी परीक्षेत तुला उत्तरे सुचली नव्हती. त्याचा धसका तर घेतला नाहीस ना?

पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, छाती धडधडते, असे आपण म्हणतो ते शरीरात खरोखरच घडत असते. संकटाची चाहूल लागताच अॅड्रेनलीन हे संप्रेरक रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, लाळ कमी होते आणि पचनसंस्थेकडचे रक्त स्नायूंकडे वळते. म्हणून यातले काही होत असेल तर ते सांगताना संकोचू नकोस. तुझी आजी "जीव घाबरून राहिला" म्हणाली की घरात कोणी तिला उपदेश करीत नसे. आधी बसवून पाणी देत.

मात्र कारण नसतानाही जीव टांगणीला लागल्यासारखा राहत असेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना भेट. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही. आणि मी यावे असे वाटले तर तेवढेच सांग, रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पुण्यात पोहोचेन.

तुझे,
बाबा